संमिश्र म्हणजे कोमट नव्हे

बाबा गेल्यानंतरच्या तिसऱ्या रात्री दोन वाजता माझ्या फोनचा गजर वाजला. दर सहा तासांनी द्यायच्या औषधाचा तो गजर. आठ महिने रोज वाजत होता. आधीच्या दोन रात्री फोन बंद पडून होता म्हणून तो लक्षातच आला नव्हता. सवयीने उठले, पायात चपला सरकवल्या, दोन पावलं टाकली आणि थांबले. पहिला विचार मनात आला तो असा: आता झोपता येईल. अगदी अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि त्याच श्वासात रडू फुटलं. पुढे कितीतरी दिवस त्या रडण्याचं मला काही वाटलं नाही, पण त्या हलकं वाटण्याची लाज वाटत राहिली. भेटायला येणारे "बाबा सुटले" म्हणत होते, ते चालत होतं. "मीही सुटले" हे मात्र तोंडातून निघणं शक्यच नव्हतं.

अशा अवस्थेला आपण संमिश्र भावना म्हणतो. शब्द चांगला आहे, पण जरा फसवा. मिश्रण म्हटलं की बादलीत गरम आणि गार पाणी एकत्र ओतल्यासारखं चित्र डोळ्यांपुढे येतं. दोन्ही मिळून कोमट, म्हणजे धड हे नाही आणि धड तेही नाही. भावना अशा कोमट होत नाहीत. त्या रात्री मी निम्मी दुःखी आणि निम्मी मोकळी नव्हते. पूर्ण दुःखी होते आणि पूर्ण मोकळीही. दुःखाने सुटकेची धार कमी केली नाही, की सुटकेने दुःखाची.

आपल्या बोलीभाषेला हे चांगलं ठाऊक आहे. 'एका डोळ्यात हसू आणि दुसऱ्यात आसू' असं आपण म्हणतो, तेव्हा दोन्ही डोळ्यांची सरासरी काढत नाही. 'तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना' ही म्हण तर नात्यांवरच्या अर्ध्याअधिक व्याख्यानांची गरज संपवते. 'हुरहूर' या शब्दात ओढ आहे आणि धाकधूकही. जुन्या काव्यशास्त्रात यासाठी चक्क पारिभाषिक शब्द आहेत. अकराव्या शतकातल्या मम्मटाने भावसंधी आणि भावशबलता असे दोन वेगळे प्रकार मानले आहेत. सारख्या ताकदीचे दोन भाव एकाच वेळी समोरासमोर ठाकले की भावसंधी. एकामागून एक अनेक भाव येऊन आधीच्याला मागे सारत राहिले की भावशबलता. हा फरक लक्षात ठेवा. नऊ शतकांनंतर मानसशास्त्रज्ञ जवळपास याच मुद्द्यावर भांडणार आहेत.

त्याआधी एक गोष्ट साफ करायला हवी. दुहेरी भावना म्हणजे उदासीनता नव्हे. समजा, एका सर्वेक्षणात प्रश्न आहे: तुमच्या नोकरीबद्दल तुम्हाला काय वाटतं? उत्तर उणे पाच ते अधिक पाच या पट्टीवर द्यायचं आहे. एका माणसाला नोकरीचं काहीच पडलेलं नाही, दिवस ढकलतो आहे. तो शून्यावर खूण करतो. दुसरीचा त्या कामात जीव आहे, पण तिथले वरिष्ठ तिचा रोज जीव घेतात. ती खूप वेळ पेन हातात धरून बसते आणि शेवटी तीही शून्यावरच खूण करते. कागदावर दोघं सारखी. प्रत्यक्षात पहिल्याच्या मनात शांतता आहे आणि दुसरीच्या मनात रस्सीखेच चालली आहे. दोर मधेच थांबला आहे, पण म्हणून दोन्ही बाजूंचा जोर काही कमी नाही.

१९७२ साली कॅल्मन कॅप्लान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर सोपा तोडगा सुचवला. प्रश्नाचेच दोन तुकडे करायचे. फक्त चांगल्या बाजूंचा विचार करा, त्या किती चांगल्या वाटतात? आता फक्त वाईट बाजूंचा विचार करा, त्या किती वाईट वाटतात? पहिला माणूस दोन्हीकडे शून्य देतो, दुसरी दोन्हीकडे पाच. दोन्ही आकडे मोठे आणि जवळपास सारखे असले की ओढाताण सर्वांत जास्त. साधी युक्ती आहे, आणि ती घरीही चालते. "तुला नक्की काय वाटतं?" या प्रश्नावर गप्प होणारा माणूस हेच दोन प्रश्न वेगवेगळे विचारले की बरेचदा भडाभडा बोलायला लागतो.

या अवस्थेसाठी आज जगभर वापरला जाणारा शब्द आहे अँबिव्हॅलन्स. तो तसा तरुण आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने तो १९१० साली मांडला. लॅटिनमध्ये 'अँबी' म्हणजे दोन्हीकडचं आणि 'व्हॅलेन्शिया' म्हणजे बळ. स्किझोफ्रेनिया हा शब्दही त्याचाच. त्याने या दुहेरीपणाचे तीन प्रकार केले: भावनेचा, म्हणजे एकाच माणसाबद्दल प्रेम आणि द्वेष, इच्छेचा, म्हणजे करायचंही आहे आणि करायचंही नाही, आणि विचाराचा, म्हणजे एकच गोष्ट खरी आणि तीच खोटी वाटणं. ब्लॉयलर स्किझोफ्रेनियाच्या लक्षणांचा अभ्यास करत होता, पण निरोगी माणसांतही हे आढळतं असं त्यानेच नमूद केलं होतं. तरीही शब्दाला जन्मापासून दवाखान्याचा वास चिकटला तो चिकटलाच. दोन भावना एकदम आल्या की आपलं काहीतरी बिघडलंय, ही भीती अजून गेलेली नाही.

आता त्या भांडणाकडे. विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत भावनांचा एक लोकप्रिय नकाशा होता. जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये तो मांडला. एका आडव्या रेषेवर डावीकडे अप्रिय, उजवीकडे प्रिय. उभ्या रेषेवर वर उत्तेजित, खाली शांत. कोणत्याही क्षणी तुमची मनःस्थिती म्हणजे या नकाशावरचा एक बिंदू. नकाशा देखणा आहे, पण बिंदू एकच असल्यामुळे तो एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे असू शकत नाही. म्हणजे या हिशेबाने आनंद आणि दुःख तापमापीवरच्या पाऱ्यासारखे: पारा चढला तर ऊब, उतरला तर गारवा, एकाच वेळी दोन्ही अशक्य.

जॉन कॅचिओपो आणि गॅरी बर्न्टसन यांनी १९९४ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते चांगलं हेरणारी आणि वाईट हेरणारी अशा दोन वेगळ्या यंत्रणा आपल्यात आहेत. बहुतेक वेळा एक चालू झाली की दुसरी मंदावते, म्हणून आपल्याला एकच पट्टी असल्याचा भास होतो. पण दोन्ही एकदम चालू होण्यात आडकाठी काहीच नाही. विचार केला तर हे पटण्यासारखं आहे. पाणवठ्यावर आलेल्या हरणाला तहानही लागलेली असते आणि झुडपात खसखसही ऐकू आलेली असते. या दोन बातम्यांची सरासरी काढून 'ठीकठाक आहे' असा निष्कर्ष काढणारं हरीण फार दिवस जगणार नाही. दोन्ही बातम्या वेगवेगळ्या आणि ताज्या पोचायला हव्यात.

जेफ लार्सन आणि कॅचिओपो यांनी २००१ साली सहकाऱ्यांबरोबर हे माणसांवर तपासलं. छळछावणीत आपल्या मुलाचं मन रमवण्यासाठी बाप खेळ रचतो, अशा एका इटालियन चित्रपटाला आलेल्या प्रेक्षकांना त्यांनी गाठलं. आत जाताना एकाच वेळी आनंदी आणि दुःखी असल्याचं सांगणारे सुमारे १० टक्के होते. बाहेर पडताना ४४ टक्के. पदवीदान समारंभाच्या दिवशी आणि वसतिगृह सोडायच्या दिवशीही त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं. एरवीच्या साध्या दिवसापेक्षा त्या दिवशी 'दोन्ही' म्हणणारे कितीतरी जास्त निघाले.

शंका घेणारे तरीही म्हणाले: हे लोक दोन भावनांमध्ये झपाट्याने ये-जा करत असतील आणि सांगताना 'एकदम' म्हणत असतील. म्हणजे मम्मटाच्या भाषेत, ही संधी नाही, शबलता आहे. मग लार्सन यांनी लोकांच्या हातात दोन बटणं दिली. आनंद वाटत असेल तोवर एक दाबून ठेवा, दुःख वाटत असेल तोवर दुसरं. बरेच जण काही काळ दोन्ही बटणं एकदम दाबून बसले. वाद यानेही पुरता मिटलेला नाही. माझा कौल विचाराल तर दोन्ही घडतं. मुलाला परदेशी सोडून परतताना गाडीत तासभर शबलता असते, पण विमानतळाच्या दारात तो मागे वळून हात हलवतो त्या क्षणी संधीच असते.

लहान मुलांना मात्र हे झेपत नाही, निदान सांगता तरी येत नाही. सूझन हार्टर यांनी १९८० च्या दशकात मुलांशी बोलून ही पायरी शोधली. पाच वर्षांच्या आसपासचं मूल दोन भावना एकत्र असू शकतात हेच नाकारतं. पुढे ते क्रम लावतं: आधी आनंद, मग राग. एकाच गोष्टीबद्दल दोन उलट भावना एकाच वेळी असू शकतात, हे साधारण दहा-अकराव्या वर्षी उमगतं. घरात नवं बाळ आलेल्या एका चार वर्षांच्या मुलीला मी विचारलं होतं, "बाळ आवडतं का गं तुला?" ती म्हणाली, "सकाळी आवडत होतं. आता नाही. उद्या बघू." प्रामाणिक उत्तर. तिच्या वयाला दोन खोल्या एकदम उघडता येत नव्हत्या, म्हणून ती आळीपाळीने दार उघडत होती. तिला "असं बोलू नये, बाळावर प्रेम करायचं असतं" असं सांगणाऱ्या आजूबाजूच्या मोठ्यांना मात्र दोन्ही खोल्या उघडता येत असूनही त्यांनी एकीला कुलूप घातलं होतं.

या दुहेरीपणाचं मुख्य माहेर म्हणजे जवळची नाती. लांबच्या माणसाबद्दल एकच भावना असणं सोपं असतं, कारण त्याचा आपल्याला उपयोगही नसतो आणि त्रासही नसतो. फ्रॉइडने ब्लॉयलरचा शब्द लगेच उचलला तो याच कारणासाठी. १९१७ च्या एका निबंधात त्याने लिहिलं, की माणूस गेल्यावर शोक कधीकधी स्वतःला दोष देण्याचं रूप घेतो, कारण त्या माणसाविषयीच्या प्रेमाबरोबर दडपलेला रागही होता. फ्रॉइडच्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण हे वाचलं तेव्हा दोन वाजताचा गजर आठवला.

त्याहून धीट माणूस म्हणजे डोनाल्ड विनिकॉट. हे इंग्रज बालरोगतज्ज्ञ पुढे मनोविश्लेषक झाले. १९४९ मध्ये छापून आलेल्या एका लेखात त्यांनी, आई आपल्या बाळाचा अगदी सुरुवातीपासून द्वेष का करते, याची अठरा कारणं ओळीने दिली आहेत. बाळ तिच्या खासगी आयुष्यात लुडबूड करतं, तिला मोलकरणीसारखं वागवतं, सकाळभर छळतं आणि बाहेर पडल्यावर परक्याकडे बघून असं गोड हसतं, की तो म्हणतो, "किती गुणी बाळ!" यादी वाचताना हसू येतं आणि आईपण केलेल्या बाईला जरा भरूनही येतं. विनिकॉटचा रोख आईला दोषी ठरवण्याचा मुळीच नव्हता. हा द्वेष वाटूनही ती त्याची परतफेड बाळावर करत नाही, वाट बघते, ही त्यांना विलक्षण गोष्ट वाटत होती. वाटणं आणि करणं यांमधली ही फट फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे शेवटी पुन्हा येईन.

दुहेरी नातं अंगावरही दिसतं. ज्युलिॲन होल्ट-लुनस्टॅड आणि बर्ट उचिनो यांनी २००३ मध्ये छापलेल्या अभ्यासात लोकांच्या दंडाला रक्तदाब मोजणारं यंत्र दिवसभर बांधलं आणि कुणाशी भेट झाली की नोंद करायला सांगितलं. आधार देणाऱ्या माणसांच्या सहवासात दाब कमी, हे अपेक्षितच होतं. पण ज्यांच्याबद्दल प्रेम आणि वैताग दोन्ही होतं, त्यांच्या सहवासात तो नावडत्या माणसांच्या सहवासापेक्षाही जास्त निघाला. नावडता माणूस निदान ठरलेला असतो. त्याच्यासमोर आपण ढाल धरूनच बसतो. आवडून छळणाऱ्या माणसाकडून आज काय मिळणार, हे दार उघडेपर्यंत कळत नाही.

माणसाबद्दलचा हा दुहेरीपणा वर्षानुवर्षं चालतो. एखाद्या निर्णयाबद्दलचा मात्र तारीख जवळ आली की अचानक भडकतो. सहा महिन्यांपूर्वी उत्साहाने हो म्हटलेलं भाषण, प्रवास, लग्न. आदल्या आठवड्यात 'कुठून हो म्हटलं' असं होतं. याचं एक सुंदर स्पष्टीकरण उंदरांनी दिलं आहे. नील मिलर यांनी १९४० च्या दशकात मांडलं, की हव्याशा गोष्टीची ओढ आणि नकोशा गोष्टीची भीती, दोन्ही जवळ गेल्यावर वाढतात, पण भीती जास्त झपाट्याने वाढते. १९४८ साली जडसन ब्राउन यांनी हे प्रत्यक्ष मोजलं. उंदराच्या अंगाला पट्टा बांधला, पट्टा एका स्प्रिंगला जोडला आणि तो किती ग्रॅम जोराने ओढतो ते पाहिलं. जिथे अन्न मिळत होतं त्या टोकाकडे ओढण्याचा जोर जवळ आणि लांब यांत फारसा बदलत नव्हता. जिथे विजेचा झटका बसला होता तिथून पळण्याचा जोर मात्र जवळ असताना प्रचंड आणि लांब गेल्यावर अगदीच थोडा. म्हणून लांबून ओढ जिंकते आणि जवळून भीती. मधे एक जागा अशी येते की दोन्ही सारख्या होतात, आणि प्राणी तिथेच पुढे-मागे करत राहतो. एखादा क्रमांक लावून बोट हिरव्या बटणावर धरून बसलेल्या कुणालाही ही जागा परिचयाची आहे.

हे पुढे-मागे करणं निव्वळ रूपकही नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ साली लोकांना व्हिडिओ गेमसाठी मिळणाऱ्या तोल मोजणाऱ्या फळीवर उभं केलं. दोन्ही बाजू असलेला लेख वाचताना लोकांची शरीरं एकाच बाजूचा लेख वाचताना डुलली त्यापेक्षा जास्त, डावी-उजवीकडे डुलत होती. मन हेलकावे खातं, तळ्यात-मळ्यात करतं, हे आपण उगाच म्हणत नव्हतो.

आता, असा माणूस समोर आला की आपण काय करतो? एक बाजू उचलून धरतो. त्याच्याच भल्यासाठी! धाकटा भाऊ सिगारेट सोडावी की नको अशा घोळात आहे. ताई फुप्फुसांपासून सुरुवात करते. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "ताई, तुला माहीत नाही, कामाचा ताण किती असतो." ती आणखी जोर लावते, तो आणखी कारणं देतो. त्याच्या मनात दोन्ही बाजू होत्या. ताईने एक बळकावली, म्हणून त्याच्याकडे दुसरीच उरली, आणि आपल्याच तोंडून तिची वकिली ऐकून ती त्याला जास्त पटत गेली.

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारू सोडवू पाहणाऱ्या लोकांबरोबर काम करताना नेमकं हेच हेरलं आणि १९८३ मध्ये त्यावर पहिला लेख लिहिला. पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर त्यातून समुपदेशनाची एक पद्धतच तयार झाली. त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो. ताईने विचारायचं: "सोडणं तुला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहा." तो म्हणतो, "चार." इथे जीभ वळवळते: 'चारच? आठ का नाही?' हे विचारलं की पुन्हा ताणाची गोष्ट सुरू. त्याऐवजी विचारायचं, "चार का? एक का नाही?" आता तो थोडा थांबतो. "जिना चढताना दम लागतो... आणि छोटी परवा म्हणाली, बाबा तुझा वास येतो." ताईला एक शब्दही बोलावा लागला नाही.

स्वतःशी बोलतानाही शब्द जपून वापरण्यात फायदा आहे. मराठीत 'पण' हा मोठा लबाड शब्द आहे. जे त्याच्या आधी येतं त्यावर तो बोळा फिरवतो. "तापट आहे, पण प्रेमळ आहे" आणि "प्रेमळ आहे, पण तापट आहे" यांत माहिती तीच, निकाल उलटा. आपल्याकडे यावर सोय आहे, ती म्हणजे शब्दाला चिकटणारा छोटासा 'ही'. "आनंदही होतोय, वाईटही वाटतंय." यात कुणी कुणाला खोडत नाही. शिवाय मराठीत या भावना आपण करत नाही, त्या आपल्याला होतात, येतात, वाटतात. मला राग येतो, मला आनंद होतो. एकाच घरी एकाच वेळी दोन पाहुणे आले तर घरमालकाच्या चारित्र्यावर कुणी शंका घेत नाही.

पण इथे एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख अर्धा राहील. (हा 'पण' मी मुद्दाम वापरला आहे.) दोन भावना असणं ठीक, म्हणून दोन भावनांमध्ये राहणं नेहमीच ठीक असतं असं नाही. मारहाण करणाऱ्या जोडीदाराबद्दल प्रेम वाटतच नाही, असं क्वचितच असतं. बाहेरचे म्हणतात, "इतकं सहन केलंस, म्हणजे तुझंच मन आहे तिथे." ती स्वतः म्हणते, "अजून जीव लागतो, म्हणजे मी निघायला तयार नाही." दोघेही एकच चूक करतात. निर्णय घ्यायला मन एकमताने तयार हवं, अशी अट त्यांनी घातलेली असते. विनिकॉटची आई द्वेष वाटूनही बाळाला इजा करत नाही; तशीच एखादी बाई प्रेम वाटूनही घर सोडू शकते. वाटणं दोन बाजूंचं असलं तरी पाऊल एकाच बाजूला टाकता येतं.

आणि ती निघाली, की दुसरी बाजू लगेच गप्प होईल अशी अपेक्षा तिनेही ठेवू नये, तिला घरात घेणाऱ्यांनीही. महिन्याभराने ती एखाद्या संध्याकाळी म्हणेल, "त्याची फार आठवण येतेय." तेव्हा घाबरून जुने मार दाखवायला लागू नये, की "मग जातेस का परत?" असंही विचारू नये. तिने आठवण येतेय एवढंच सांगितलेलं असतं.